कलम एकशे पंधरा

साहेब हसले, कारकून हसला, कंपनीचा माणूस तर टेबलाची कड धरून हसला, आणि संघपालही हसला. झालं ते एवढंच. भोरच्या त्या कचेरीतली सुनावणी अर्ध्या तासात आटोपली. कुणी कुणावर खेकसलं नाही, कुणाला दाराबाहेर काढलं नाही; उलट साहेबांनी चहा सांगितला आणि तो आलाही. तरी पायऱ्या उतरून संघपाल कॉलेजच्या रस्त्याला लागला तेव्हा ते हसू त्याच्या तोंडात तसंच होतं. भातात खडा लागावा, घास कसाबसा गिळावा, आणि मग जेवण संपेपर्यंत दाताखाली कचकच जाणवत राहावी, तसं. ओळखीच्या झेरॉक्सवाल्यानं दुकानातून हाक मारली, "काय सर, आज उशीर?" संघपालनं हात वर केला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण त्याच्याकडे बघूनही हसतोय. चेहऱ्याला सवयच लागली होती. कुणी साहेब हसला की हसायचं, कुणी साहेब हसणार असं वाटलं की आधीच हसायला सुरुवात करायची. ही विद्या त्याला कुठल्या विद्यापीठानं शिकवली नव्हती, पण तिच्यात तो पहिल्या वर्गात पास झाला असता.

तीनचा तास होता. तो बुडवून चालणार नव्हता, कारण संघपाल तासिका तत्त्वावरचा मास्तर. म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाही घेतला तर कुणीच नाही. वय एकेचाळीस, राज्यशास्त्राची एम.ए., वर कायद्याची पदवी, आणि तरी दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करून विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर त्याच हसऱ्या चेहऱ्यानं उभं राहायचं. वर्गात सात पोरं होती. त्यानं फळ्यावर लिहिलं, 'राजदूतांचे विशेषाधिकार', आणि सांगायला लागला की राजदूत परक्या देशात गेला तरी त्याच्या अंगाला कुणी हात लावू शकत नाही, त्याला मानानं वागवावं लागतं, त्याला उभं... इथं तो थांबला. राजदूताला उभं ठेवत नाहीत, असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. पण आबा सगळा वेळ उभे होते. कचेरीत शिरल्या शिरल्या कारकुनानं संघपालला ओळखलं होतं, त्याची मुलगी कॉलेजात होती. "या सर, बसा ना," म्हणून त्यानं एकुलती एक रिकामी खुर्ची पुढं सरकवली होती. संघपाल बसला. बसल्यावर मागं वळून पाहिलं तर दारापाशी आबा, त्याचे वडील, धुतलेला पांढरा सदरा घालून उभे, आणि त्यांच्या शेजारी खांद्यावर घोंगडी टाकलेला गेनू. त्याच वेळी उठता आलं असतं. पण आत्ता उठलो तर विचित्र दिसेल, असं त्याला वाटलं, आणि मग प्रत्येक मिनिटाला ते जास्तच विचित्र दिसत गेलं असतं, म्हणून तो बसूनच राहिला. "सर, पुढं?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. त्यानं खडू उचलला. पुढं काय, ते पुस्तकात होतंच.

पुस्तकच नडलं होतं. दोन वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी दूरशिक्षणाच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय कायद्याची एक पुस्तिका मराठीत करायचं अंगावर घेतलं आणि ते अंग संघपालचं वापरलं. त्यातला समुद्राचा कायदा कुणालाच नको होता. भोर-वेल्ह्याच्या पोरांना समुद्राशी काय देणंघेणं, असं सगळ्यांचं मत. संघपालला मात्र तो आवडायला लागला, आणि त्यातल्या त्यात केबलचं प्रकरण. समुद्राच्या तळाशी, जिथं उजेड पोचत नाही तिथं, अंगठ्याएवढ्या जाड दोऱ्या हजारो मैल पसरलेल्या. त्यांच्या पोटात केसासारखी काच. आणि जगाचं सगळं बोलणं, भांडणं, प्रेमपत्रं, निरोप त्या काचेतून पळतायत. कुणी जाणूनबुजून किंवा बेफिकिरीनं ती दोरी तोडली तर तो गुन्हा. पण जीव वाचवताना, सगळी काळजी घेऊनही तुटली, तर गुन्हा नाही. आणि मग ते एकशे पंधरावं कलम. जहाजाचा अँकर तळाशी केबलला अडकला, ओढला तर केबल तुटणार असं दिसलं, आणि खलाशांनी ओढण्याऐवजी तो तिथंच सोडून दिला, तर केबलच्या मालकानं त्याची भरपाई करायची. संघपालनं ते कलम तीन वेळा वाचलं होतं. तीनशेहून जास्त कलमांत सगळीकडे हक्क, हद्दी, बंधनं, शिक्षा. आणि इथं एवढ्या एकाच ठिकाणी, असं त्याला वाटलं, कायदा कुणाला तरी म्हणतोय की बाबा, तू दुसऱ्याची वस्तू वाचवायला आपली सोडलीस, तुझं नुकसान होऊ देणार नाही. असा कायदा असू शकतो, यानंच त्याला त्या दिवशी भरून आलं होतं.

अँकरला शब्द काय वापरायचा, यावर विभागप्रमुखांशी थोडं झालं. ते म्हणाले लंगर लिहा. संघपाल म्हणाला, मराठीत नांगर म्हणतात सर, जहाज नांगरलं असं आपण म्हणतोच. "मुलं गोंधळतील हो," ते म्हणाले. संघपाल अडून बसला, आणि तो सहसा कशावर अडून बसत नसे. खरं कारण त्यानं सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांचा असताना सहा डिसेंबरला आबा त्याला चैत्यभूमीला घेऊन गेले होते. दर्शन झाल्यावर दोघं वाळूत बसले, आईनं बांधून दिलेली भाकरी सोडली. लांब पाण्यात एक जहाज उभं होतं. शेजारी बसलेला कुणी मुंबईकर म्हणाला, ते सकाळपासून तिथंच नांगरलंय. संघपालनं आबांकडे पाहिलं. आबांनी घास थांबवला, विचार केला आणि म्हणाले, "आसंल. जहाजाला बी नांगर लागतो म्हंजी खाली शेतीच आसंल की." आणि दोघं हसले. तेव्हाचं हसणं वेगळं होतं. त्यात कुणी उभं नव्हतं आणि कुणी खुर्चीवर नव्हतं. शब्दकोशात नांगर हा शब्द सापडला तेव्हा त्याला ती वाळू आठवली, आणि आपल्या बापाचं अवजार आंतरराष्ट्रीय कायद्यात नेऊन बसवायचं, या चोरट्या आनंदापायी त्यानं तो ठेवला. वर आणखी एक केलं. मजकूर लांबला म्हणून छापखान्यातून कापाकापी करायला सांगितलं, तेव्हा त्यानं त्या वाक्यातला जहाजाचा मालक काढून टाकला. मागं-पुढं संदर्भ आहेच, कळेल. राहिलं ते असं: 'समुद्राखालून येणाऱ्या तारेस इजा होऊ नये म्हणून ज्याने आपला नांगर सोडून दिला, त्यास तारेच्या मालकाने भरपाई द्यावी.' वाक्य कसं ताठ उभं राहिलं होतं. त्यानं ते मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं.

मुखपृष्ठावर विभागप्रमुखांचं नाव आलं. आत दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, 'अनुवादसाहाय्य: संघपाल जगन रणखांबे'. त्याला ती मुंगी लागली होती, पण आबांनी ते पान उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "माजं बी नाव छापलंय की रं." कायद्याच्या पुस्तकात जगन हे नाव. त्यांनी पाच प्रती मागून घेतल्या. एक घरात, एक विहारात फोटोखाली, एक ग्रामपंचायतीत, एक संघपालच्या बहिणीला, मंगलला, आणि एक गेनूला, ज्याला अक्षर वाचता येत नाही. आबा सातवीपर्यंत शिकलेले. रोज सकाळी अंगणात बसून, ओळीखाली बोट धरून, त्यांनी ती पुस्तिका तीनदा वाचून काढली. साळूबाई, त्याची आई, फोनवर तक्रार करायची, "हे आता मला समुद्राचं कायदं शिकवत्यात. मी म्हनलं, आदी नळाला पाणी कवा येनार त्याचा कायदा बगा." संघपालला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. आपण लिहिलेलं कुणीतरी अक्षर न् अक्षर खरं धरून वाचतंय, असा वाचक मिळणं सोपं नाही. तो किती धोक्याचा असतो, हे त्याला माहीत नव्हतं.

परवा आबांचा फोन आला होता. "मंगळवारी भोरला कचेरीत ये. तुज्या पुस्तकाचं काम हाय." संघपालला वाटलं, सत्कार-बित्कार आहे की काय. माणूस मुंगीएवढ्या अक्षरानंही फुगतो. काय काम आहे ते त्याला कळलं खुर्चीत बसल्यावर, गेनूच्या तोंडून. गेनू विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत मेंढरं आणि दोन-चार गुरं राखून असतो. त्याचा एक बैल, आबांचा एक बैल, अशी त्यांची वर्षानुवर्षांची सावड. साहेबांनी "बोला" म्हटल्यावर गेनूनं घोंगडी सावरली आणि भिंतीकडे बघून बोलायला लागला. "सायेब, भात काडल्यावर हरबऱ्यासाटी खाचर नांगरत हुतो. फाळ आडाकला. मला वाटलं दगूड. वाकून बगितलं तर नारंगी नळी. ईतभर खोल बी न्हवती. फाळ तिच्या खाली घुसल्याला. म्या म्हनलं, हाण जगनदा, तुटली तर तुटली, हितं कोन बगतंय. तर ह्यो म्हनला, न्हाई गेनू, कायदा हाय. मागं घ्यावा तर नळी चिरतीय, फुडं घ्यावा तर तुटतीय. मंग बैल सोडलं आन् नांगर तितंच ठिवून आलो. येवडंच."

एवढंच नव्हतं. पुस्तिकेत संघपालनं जुन्या करारातला एक बारकावाही हौसेनं घातला होता: नांगर सोडल्यावर खलाशांच्या साक्षीनिशी लगेच टिपण करावं, आणि पहिल्या बंदराला पोचल्यापासून चोवीस तासांत अधिकाऱ्याला कळवावं. आबांनी ते सगळं केलं होतं. बंदर म्हणजे काय यावर थोडा विचार करून ते ग्रामपंचायतीत गेले. वहीच्या कागदावर गेनूची साक्ष लिहून घेतली, त्याचा अंगठा घेतला, कागदाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला, आणि रस्त्याकडेच्या खांबावर कंपनीचा नंबर होता त्यावर फोन करून सांगितलं की तुमची तार माझ्या शेतात उघडी पडलीय, येऊन सांभाळा. चौथ्या दिवशी कंपनीचे लोक जेसीबी घेऊन आले. आबा तेव्हा घरी, गेनू रानात. जेसीबीनं नांगर उपटून बांधावर फेकला, त्याचं हाळीस, बैलांकडं जाणारा लांब दांडा, मधोमध मोडलं. त्याच सकाळी लाईन बंद पडली. ती नांगरानं तुटली की जेसीबीच्या दातांनी, हे बघायला कुणीच नव्हतं. कंपनीनं कचेरीत दिलेल्या तक्रारीच्या कागदावर मात्र तुटलेल्या नळीचा फोटो होता, शेजारी नांगर, आणि नांगराच्या मालकाचं नाव तर मालकानंच कळवलेलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बैल रेटले असते, नळी तोडली असती, वर माती ओढली असती, तर आज जगन रणखांबे घरी हरभरा पेरत असते.

"तुम्हाला कल्पना आहे का काका, कसली लाईन आहे ती?" कंपनीचा माणूस म्हणाला. तरुण, स्वच्छ, वाईट नसावा. "ही साधी लाईन नाही. समुद्रातून येते. आंतरराष्ट्रीय आहे." तो घाबरवायला बोलला होता, आबांचा चेहरा उजळला. "मंग तर बरुबरच हाय," ते म्हणाले, आणि दारापासून दोन पावलं पुढं आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी पुस्तिका काढली. पहिल्यांदा दुसरं पान उघडून साहेबांसमोर धरलं. "ह्यात माजं बी नाव हाय, सायेब. ह्यो संघपाल माजा ल्योक." साहेबांनी संघपालकडे पाहिलं. "अरे वा. तुमचे वडील का?" संघपाल "हो" म्हणाला, आणि उठला नाही. मग आबांनी खूण घातलेलं पान उघडलं, ओळीखाली बोट धरलं, आणि शाळेत उभं केल्यासारखं वाचायला लागले, "समुद्रा-खालून येणाऱ्या... तारेस... इजा होऊ नये म्हणून... ज्याने आपला..." आणि तेवढ्यात कुणीतरी हसलं. आबा नांगर या शब्दापर्यंत पोचायच्या आत हसलं. मग साहेब हसले, कारकून हसला, कंपनीचा माणूस हसला. आबांनी वाक्य पुरं केलं. हसण्यातूनच पुरं केलं, 'भरपाई द्यावी' पर्यंत, कारण अर्धं वाक्य सोडायची त्यांना सवय नाही. मग म्हणाले, "मला काय पैकं नकोत, सायेब. नांगराच्या बदल्यात नांगर द्या. आन् कागदावर लिवा, जगननं तार तोडली न्हाई, वाचवली."

साहेबांनी डोळे पुसले. "अहो काका, हा जहाजाचा नांगर. समुद्रात टाकतात तो. तुमचा नव्हे. सर, तुम्हीच समजवा." सगळे संघपालकडे बघत होते. आबाही. आबांच्या नजरेत काळजी नव्हती. आता माझा मुलगा सांगेल, अशी स्वस्थता होती. लहानपणी डॉक्टरकडे नेल्यावर संघपाल आबांकडे जसा बघायचा, तसे ते बघत होते. संघपाल म्हणाला, "हो सर. अनुवादामुळं जरा गैरसमज झालाय त्यांचा." त्यांचा. माझ्या वडिलांचा असं नाही, आबांचा असं नाही. त्यांचा. कारकुनानं जबाब लिहिला आणि वाचून दाखवायला संघपालच्याच हातात दिला, घरचाच माणूस म्हणून. 'माझ्या नांगरामुळे कंपनीच्या केबलचे नुकसान झाले. यापुढे केबलच्या दोन्ही बाजूंस सहा-सहा फूट नांगरट करणार नाही. वाचून दाखवले, बरोबर आहे.' खाचर मुळात एवढुसं, की मधले बारा फूट गेले तर उरतात ते दोन बांध आणि त्यांच्या कडेच्या चार ओळी. "वाचवली आसं कुटं लिवलंय?" आबांनी विचारलं. संघपालनं कागदाकडे पाहिलं. नुकसान 'केले' असं नाही, नुकसान 'झाले' असं आहे, यात मोठा फरक असतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. कलमांचा अनुवाद करणारा माणूस, क्रियापदाच्या आडोशाला बसायला त्याला कितीसा वेळ लागणार? "सही करा आबा," तो म्हणाला. "एवढ्यानं मिटतंय." आबांनी सही केली, नेहमीसारखी पूर्ण नावाची, एकेक अक्षर सुटं. पायऱ्यांच्या खाली आल्यावर म्हणाले, "तुजा तास हाय न्हवं? जा. उशीर करू नगं." आणि गेनूबरोबर टेम्पो बघायला निघून गेले. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर दोन शिव्या हासडल्या असत्या. त्या शिव्यांसाठी संघपाल अजून कान देऊन होता.

तास संपल्यावर तो खोलीवर गेला नाही, सरळ एसटी स्टँडवर आला. नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी धरली. गाडीत पुण्याची चार-पाच मुलं होती, पाठीवर बोजे, पालीला उतरून उद्या पहाटे राजगड चढणारी. त्यातली एक मुलगी मोबाईल खिडकीबाहेर धरून कुणाशी तरी बोलत होती. "ताई, दिसतंय का? तो बघ, तो." आणि मोबाईलमधून, कुठल्या तरी दूरच्या देशातून, जिथं अजून दुपारच असावी, आवाज आला, "अगं, किती क्लिअर दिसतंय!" इतका स्वच्छ आवाज, की बहीण मागच्याच बाकावर बसली असावी. हे बोलणं समुद्राखालून येतंय, संघपालच्या मनात आलं, आणि कुणी सांगावं, आबांच्या खाचरातूनही जात असेल. समुद्रात होतं तोवर त्या दोरीला पाळायचे नियम होते, आणि तिला जपणाऱ्यालाही कुणी वाली होता. किनाऱ्यावर आली आणि दोरीला मालक उरला, बाकी कुणाला काही उरलं नाही. हे वाक्य त्याला आवडलं. मग लगेच स्वतःची किळस आली. वाक्यंच सुचतायत. आत्ता सुचतायत. मार्गासनी मागं पडेपर्यंत त्याच्या डोक्यात आख्खं निवेदन तयार झालं होतं: साहेब, कलम जहाजाचं आहे हे खरं, पण कलम ज्या माणसासाठी लिहिलंय तो माणूस हाच आहे, यांनी केलं ते जगातल्या सगळ्या खलाशांकडून कायदा अपेक्षितो, आणि ज्यांच्यावर तो लागू नाही अशा यांनी, नुसता वाचून, पाळला. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. चार तास उशिरा. आणि त्या निवेदनाच्या शेवटी, गाडी विंझरच्या फाट्यावर थांबता थांबता, त्याला ते दुसरंही पुन्हा दिसलं, जे तो दुपारपासून टाळत होता. कुणीतरी हसलं, असं नव्हतं. आबांनी 'समुद्राखालून' म्हटल्याबरोबर पुढचं सगळं वाक्य ठाऊक असलेला त्या खोलीत एकच माणूस होता. साहेबांना काय माहीत पुढं नांगर येणार आहे? पहिला तोच हसला होता. साहेब त्याच्या मागून हसले. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करणार कुणाकडं?

घराच्या भिंतीला मोडलेला नांगर टेकवून ठेवला होता, हाळिसाचे दोन तुकडे दोरीनं एकत्र बांधलेले. ओसरीवर साळूबाई तांदूळ निवडत होती. "अगं बया, न सांगता आलास?" ती म्हणाली, आणि आवाज खाली आणून, "काय झालं रं भोरला? आल्यापासनं बोलनं न्हाई. जेवनं न्हाई. तडक मंगलच्या घरी जाऊन आलं, मंग पंचायतीत, मंग विहारात, मंग वर गेनूकडं. म्हंत्यात पुस्तकं परत पायजेत." आत दिव्याखाली आबा बसले होते. पुढ्यात पाचही प्रती. नातवाची पेन्सिल कुठून तरी मिळवलेली. संघपाल समोर बसला. जमिनीवर बसला. "आबा," तो म्हणाला, "मी तिथं..." आणि पुढं वाक्य येईना. दिवसभर वाक्यंच वाक्यं, आणि आता एक येईना.

"मला ठावं हुतं," आबा म्हणाले. ते पुस्तिकेवरून मान वर न करता बोलत होते. "जहाजाचा बी नांगर आसतो, ठावं हुतं मला. आपुन बगितलं न्हवतं का, दादरला? तू ल्हान हुतास."

"मग?"

"मला वाटलं, कायद्यात दोनी आसतील. कायदा येवडा बारका आसंल आसं न्हाई वाटलं." त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "आता बाकीच्यांनी वाचलं तर त्यांचं बी हसू व्हायाचं. आपलं नाव हाय न्हवं पुस्तकावर. चूक ऱ्हाऊन चालत न्हाई."

साळूबाईनं चहा आणून ठेवला आणि दाराशीच थांबली. आबांनी एक प्रत उचलून दिव्याकडे धरली, मग संघपालच्या हातात दिली. खुणेचं पान. 'आपला' आणि 'नांगर' यांच्यामध्ये वरच्या अंगाला, पेन्सिलीनं, एकेक अक्षर सुटं लिहिलं होतं: जाहाजाचा. खाली बाण काढून जागा दाखवली होती.

"वाच," आबा म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आसंल तर सांग."

काना जास्तीचा होता. पहिल्याच अक्षराला. संघपाल त्या कान्याकडे बघत राहिला. आज सकाळपासून या माणसाला किती जणांनी दुरुस्त केलं होतं, आणि त्यांतला पहिला कोण होता.

"बरोबर आहे, आबा," तो म्हणाला.

"बगून सांग. उगं म्हनू नगं."

"बघितलं. बरोबर आहे."

आबांनी पेन्सिल त्याच्यापुढं सरकवली. "मंग ऱ्हायलेल्या चारीत आसंच लिव. माज्या डोळ्याला आता दिसंना." संघपालनं दुसरी प्रत घेतली, पान काढलं. विहारातल्या प्रतीला उदबत्तीचा वास होता, गेनूच्या प्रतीला मेंढरांचा. आबा पलीकडून वाकून बघत होते. त्यानं प्रत्येकीत बाण काढला आणि प्रत्येकीत, सुटं सुटं, त्यांनी लिहिलं होतं अगदी तसंच लिहिलं: जाहाजाचा.